चारचौघांचे मत आणि दुकानदाराचा शब्द

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत एक दृश्य हमखास दिसते. दारव्हा असो, घाटंजी असो, वणी असो की पांढरकवडा. कृषी केंद्राच्या फळीसमोर शेतकऱ्यांची दाटी झालेली असते. बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "शेटजी, औंदा कोनतं चालू हाय?" आणि शेटजींनी दोन-तीन नावे घेतली, तरी उत्तर ठरलेले, "सारे जे घेऊन राह्यले तेच द्या."

बँकेच्या सेवेतील माझी बरीच वर्षे याच जिल्ह्यातील शाखांमध्ये गेली. खरिपाच्या हंगामात पीककर्जाची प्रकरणे हाताळताना हा संवाद मी असंख्य वेळा ऐकला. 'चांगले कोणते' असे विचारणारा शेतकरी क्वचित भेटे. 'चालू कोणते' असे विचारणारे शेकडो भेटत. त्यावेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, मानसशास्त्रावरील काही ग्रंथ हाती आले, आणि त्या एका शब्दात केवढा मोठा विषय दडलेला आहे याची जाणीव झाली. हा विषय शेतकऱ्यांइतकाच आपल्या व्यापारी कुटुंबांचाही आहे. म्हणून वाचकांसमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

डोळ्यांना दिसते ते आणि तोंडाने बोलतो ते

आपले मत हे आपले स्वतःचे असते, अशी प्रत्येकाची समजूत असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी या समजुतीची परीक्षा घेतली. प्रयोग अगदी साधा होता. एका कागदावर एक रेघ, दुसऱ्यावर कमी-अधिक लांबीच्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी रेघ तिघींपैकी कोणती, एवढेच सांगायचे. एकट्याने पाहिले तर चूक जवळजवळ होतच नसे. परंतु अ‍ॅश यांनी खोलीत आणखी काही जण बसविले. ते सारे प्रयोगकर्त्यांनी आधीच शिकवून ठेवलेले होते. ठरावीक वेळी ते एकामागून एक, गंभीरपणे, धडधडीत चुकीचे उत्तर देत. शेवटी पाळी येई ती खऱ्या परीक्षार्थीची.

अशा कसोटीच्या वेळी सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीस अनुसरून आली. शंभरातील पंचाहत्तर जण निदान एकदा तरी गटामागे गेले. पुढे चौकशी केली असता बऱ्याच जणांनी सांगितले की, बरोबर काय ते दिसत होते, पण एवढे सर्व जण एक म्हणत असताना आपणच वेगळे कसे बोलावे?

याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. गटातील केवळ एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीचे गटामागे जाणे एकदम घटून शेकडा पाचाच्या आसपास येई. म्हणजे चारचौघांचे दडपण मोठे असले तरी ते फार ठिसूळ असते. एक आवाज वेगळा उमटला की त्याला तडा जातो. हा एक आवाज कोणाचा असावा, हा प्रश्न वाचकांनी लेखाच्या अखेरीपर्यंत मनात ठेवावा.

आयोवाचा मका आणि आमचा कापूस

रेघांचा प्रयोग खोलीतला झाला. शेतावरही हेच घडते काय? अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले याचा शोध घेऊन १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी १९४१ पर्यंत नवे बियाणे घेतले होते. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली. परंतु ते पेरायचेच, असा मनाचा निश्चय झाला तो शेजाऱ्याच्या शब्दावर. विक्रेता वार्ता देतो, शेजारी विश्वास देतो, असे या अभ्यासाचे सार सांगता येईल.

आपल्याकडील स्थिती याहून थोडी निराळी आहे. भारतात बीटी कापसाच्या लागवडीस २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली आणि एका दशकात देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली आले. बोंडअळीपासून संरक्षण मिळते हा अनुभव त्यामागे होताच. त्यास निव्वळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु बीटीच्या छत्राखाली शेकडो वाण बाजारात आले, आणि त्यांतील कोणता घ्यावा हे ठरविणे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यास असे आढळले की, एका वर्षी सारे गाव एका वाणामागे धावते, पुढील वर्षी तोच वाण सोडून दुसऱ्यामागे; आणि या लाटेमागे त्या वाणाच्या गुणांचे सबळ कारण बहुधा सापडत नाही. स्वतः थोडे पेरून, पाहून, तुलना करून निवडण्याची पूर्वापार रीत या लाटेत मागे पडते. वरंगळची ही कथा वाचताना मला आर्णी-दिग्रसच्या बाजारातील ते 'चालू' बियाणे आठवत राहिले.

एक लहानसे उदाहरण देतो. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची एक पुडी दिलेली असे. ती शेताच्या कडेने पेरावी, जेणेकरून अळीस थोडा आसरा मिळेल आणि बीटीस न जुमानणाऱ्या अळ्यांची पैदास लवकर होणार नाही, असे त्यामागचे शास्त्र. ही पुडी पेरणारे फार थोडे. बहुतेक ठिकाणी ती घरी पडून राही किंवा उकिरड्यावर जाई. "शेजारी पेरत नाही, मग मी एकट्यानेच अळीला का जेवू घालावे?" हा युक्तिवाद मी स्वतः ऐकलेला आहे. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर. सर्वांचा मिळून चुकीचा. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीस दाद देईनाशी झाली, त्यामागील अनेक कारणांत हेही एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. पुडी देताना दुकानाच्या फळीवरून तिच्याविषयी दोन वाक्ये तरी बोलली जात होती काय, हा प्रश्न आपण आपल्याला विचारावयास हवा.

२०१७ चा पावसाळा

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते अत्यंत दुःखद कारणाने. कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत खाटा अपुऱ्या पडत होत्या. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले, आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील कापूसपट्ट्यात तात्पुरती बंदी घातली.

कारणे अनेक सांगितली गेली आणि ती सर्व एकत्र येऊनच अनर्थ घडला असावा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. त्यामुळे फवारा पायांवर न पडता तोंडावर येत होता. हवा दमट आणि उष्ण होती. नव्या यांत्रिक पंपांतून सूक्ष्म तुषार वेगाने उडत. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांचा पत्ता नव्हता. किंबहुना त्या उकाड्यात ते सहन होणेही कठीण. आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून 'जोरदार' मिश्रण मारण्याची प्रथा सर्रास पडली होती.

ही प्रथा कोठून आली? कोणत्याही कृषी विद्यापीठाने ती शिकविलेली नव्हती. अमक्याने हे दोन मिसळून मारले आणि अळी गेली, अशी वार्ता बांधाबांधाने पसरली. तीच वार्ता दुकानात पोहोचली, आणि दुकानातून 'सगळे हेच नेतात' या शिक्क्यासह पुन्हा गावात गेली. शेजाऱ्याचा विश्वास आणि विक्रेत्याची वार्ता या आयोवात वेगवेगळ्या असलेल्या दोन गोष्टी आमच्याकडे एकाच फळीवर एकत्र आल्या. कारण आमच्याकडील दुकानदार हा विक्रेता तर आहेच, परंतु तो दोन पिढ्यांचा ओळखीचा, उधारी देणारा, लग्नकार्यास येणारा, अडीअडचणीला उपयोगी पडणारा माणूसही आहे. ज्याच्याकडे वर्षाची उधारी आहे, त्याने पुढे केलेली बाटली 'नको' म्हणण्याचे बळ कोरडवाहू शेतकऱ्यात कोठून यावे?

विसंगती झाकण्याची कला

जिल्ह्यातील बी-बियाणे आणि औषधांच्या दुकानदारांमध्ये आपल्या समाजातील कुटुंबेही आहेत, हे येथे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची गणना आहे. 'विषवाणिज्य' हे त्यांतील एक. आजची कीटकनाशके त्या संज्ञेत कितपत येतात, याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो मुनिवर्यांना व जाणकारांना विचारावा. माझा प्रश्न मानसशास्त्राचा आहे. पाण्याच्या थेंबातील जीवाची चिंता वाहणारे, रात्रिभोजन टाळणारे आपण. या व्यवसायाकडे वळताना आपल्या मनाने कोणती वाट काढली?

लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये विसंगतीचा सिद्धांत मांडला. माणसाची श्रद्धा एक आणि कृती दुसरी असली की मन अस्वस्थ होते. ती अस्वस्थता घालविण्याचे दोन मार्ग असतात: कृती बदलणे, किंवा कृतीस शोभेल असे मत बनविणे. पहिला मार्ग महागडा, दुसरा स्वस्त. म्हणून बहुधा दुसराच निवडला जातो. "मी नाही विकले तर समोरचा विकेल." "परवाना शासनाने दिलेला आहे." "कसे वापरावे हे बाटलीवर लिहिलेले असते." "सगळा समाज याच धंद्यात आहे, मी एकटाच काय वेगळा?" यांतील एकही वाक्य खोटे नाही. तरीही ही चारही वाक्ये केवळ मन शांत करण्यासाठी बोलली जातात. चौथे वाक्य तर अ‍ॅश यांच्या खोलीतील परीक्षार्थीचेच आहे.

दुकानदारांवर बोट रोखताना स्वतःस वगळणे मला शोभणार नाही. कृषी केंद्रांना कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करताना मी स्टॉक स्टेटमेंट पाहिले, उलाढाल पाहिली, तारण पाहिले. गोदामातील मालावर लाल त्रिकोण किती आहेत, हे मी कधीही विचारले नाही. इतर शाखांचे अधिकारी विचारत नव्हते. म्हणून मीही विचारले नाही. उद्दिष्ट पूर्ण झाले, प्रशंसापत्र मिळाले. ते आजही घरी आहे. मात्र ते भिंतीवर लावावेसे मला वाटत नाही.

एका दुकानाची गोष्ट

माझे एक स्नेही एका तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवितात. २०१७ च्या त्या हंगामात त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एकाच्या शेतावरील मजूर फवारणी करताना कोसळला. तो वाचला. औषध माझ्या स्नेह्यांच्या दुकानातील होते. बिल होते, परवाना होता, कायद्याने त्यांच्याकडे कोणतेही उणे नव्हते. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर त्यांनी मला सांगितले, "मी सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणालो, पण त्या मजुराच्या घरी जाऊन म्हणण्याचे धैर्य झाले नाही."

पुढील हंगामापासून त्यांनी तीन गोष्टी केल्या. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतितीव्र विषारी वर्गातील, औषधे ठेवणे बंद केले. दोन औषधे मिसळून कोणी मागितल्यास एकच देऊ लागले. आणि औषधाच्या प्रत्येक खरेदीसोबत हातमोजे व मुखपट्टी पदरखर्चाने देऊ लागले. पहिल्या वर्षी त्यांची गिऱ्हाइके तुटली. बाजारात थट्टा झाली. घरातूनही विरोध झाला, कारण मुलाच्या मते हा धंदा नव्हे, दानधर्म होता. कंपनीचे उद्दिष्ट पूर्ण न झाल्याने सहलीची योजनाही हुकली. त्यांचा निर्णय व्यापारी दृष्टीने यशस्वी ठरला, असे मी म्हणणार नाही. उलाढाल अद्याप पूर्वीएवढी नाही. परंतु तिसऱ्या वर्षी समोरच्या दुकानदाराने त्यांना हातमोजे ठोक भावात कोठे मिळतात हे विचारले. त्यानंतर आणखी एकाने. मिश्रण देणार नाही, असे सांगणारी दुकाने आता त्या बाजारात तीन आहेत. शेतकऱ्याने एका दुकानातून दुसऱ्यात जावे तर तेथेही तेच ऐकू येते. आणि मग 'सारे जे घेऊन राह्यले' याचा अर्थच बदलू लागतो.

अ‍ॅश यांच्या प्रयोगाचा दुसरा भाग हाच नव्हे काय?

नियम एकट्याचा आणि नियम संघाचा

येथे कोणी म्हणेल की, प्रबोधनाचे मेळावे घ्यावेत, पत्रके वाटावीत. अवश्य घ्यावेत. परंतु व्याख्यानाने सवयी फारशा बदलत नाहीत, असा अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्ट लेविन यांनी अमेरिकेतील गृहिणींच्या आहारविषयक सवयींवर प्रयोग केले. काही गटांना केवळ उत्तम व्याख्यान दिले. काहींना आपसात चर्चा करू देऊन शेवटी, हे करून पाहण्यास कोण तयार आहे, असे विचारून हात वर करावयास लावले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा तीन जणींनी सवय बदलली; सर्वांसमक्ष हात वर करणाऱ्या गटांत हे प्रमाण शेकडा बत्तीस होते.

हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, कारण आपल्याकडे हे शास्त्र पूर्वापार वापरात आहे. चातुर्मासात पच्चक्खाण घेतले जाते ते गुरूंसमोर आणि संघाच्या साक्षीने. एरवी एक उपवास जड जाणारी व्यक्ती सर्वांच्या सोबतीने अठाई पार पाडते. चारचौघांचे दडपण येथेही आहेच. मात्र ते माणसाला वर उचलणारे आहे. अनुकरणवृत्ती ही स्वतः चांगली किंवा वाईट नसते. समूह कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे, यावर सारे ठरते. आणि ती दिशा बहुधा एखाद-दुसऱ्याच्या पहिल्या पावलाने ठरते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक तालुक्यातील आपल्या कृषी केंद्रचालकांनी खरिपापूर्वी एकत्र बसावे आणि संघाच्या साक्षीने हंगामापुरते चार नियम घ्यावेत. पहिला, मिश्रणाचा सल्ला देणार नाही. दुसरा, बाटलीवरील त्रिकोणाचा रंग गिऱ्हाइकास दाखवून त्याचा अर्थ सांगेन: लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ज्यास वाचता येत नाही त्यास रंग तरी ओळखता येतो. तिसरा, संरक्षक साधनांशिवाय औषध देणार नाही. चौथा, औषधाआधी इतर उपायांची आठवण करून देईन. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून आधी अळीचा प्रादुर्भाव मोजावा, निंबोळी अर्क वापरून पाहावा, डिसेंबरनंतर फरदड न घेता पऱ्हाटी उपटून टाकावी, हे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगतच आले आहेत. त्यांचा सल्ला खेड्यापर्यंत पोहोचत नाही, आपला पोहोचतो. आपल्या शब्दाचे हे वजन आपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सचोटीने मिळविलेले आहे.

तरुण पिढीने आणखी एक करावे. हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. केवळ परवान्याची अट म्हणून नव्हे, तर आपण जे विकतो त्याचे ज्ञान असावे म्हणून तो करावा. ज्ञान नसलेला दुकानदारही शेवटी 'चालू काय आहे' हेच पाहून विकतो. म्हणजे शेतकरी त्याच्याकडे पाहतो, तो बाजाराकडे पाहतो, आणि मार्ग कोणालाच ठाऊक नसतो.

माझ्या स्नेह्यांना मी गेल्या महिन्यात भेटलो. त्या मजुराच्या घरी जाणे झाले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी गेलो. त्याने चहा दिला. माझ्या दुकानाचे नावही त्याला ठाऊक नव्हते. औषध मालकाने आणले होते, त्याने फक्त फवारले होते." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "ज्याने माझ्याकडून काहीच विकत घेतले नव्हते, त्यालाच माझ्या शब्दाची किंमत मोजावी लागली."

येत्या खरिपात फळीमागे बसणाऱ्या आपल्या प्रत्येक बंधूस 'औंदा कोनतं चालू हाय?' हा प्रश्न विचारला जाईल. उत्तर देण्यापूर्वी ज्याच्या पाठीवर पंप असणार आहे, त्याचे क्षणभर स्मरण व्हावे, एवढीच प्रार्थना. जय जिनेंद्र.